यॉर्क नदीवरचे शंभर जण

मुंबईच्या इतिहासात सर थॉमस ग्रँथम हे नाव ओझरतं येतं. २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केजविनने मुंबईचा किल्ला ताब्यात घेतला, ईस्ट इंडिया कंपनीचा उपगव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला कैद केलं आणि यापुढे इथला कारभार थेट इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालेल असं जाहीर केलं. हा तोच केजविन, जो १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात मराठी आरमाराशी लढला होता. बंडामागे पगाराचं दुखणं होतं. लंडनमध्ये बसून कंपनीचा सूत्रधार जोसाया चाइल्ड काटकसर करत होता आणि तिची झळ मुंबईच्या शिपायांना बसत होती. जवळजवळ अकरा महिने मुंबई कंपनीच्या हाती नव्हती. नोव्हेंबर १६८४ मध्ये ग्रँथम जहाज घेऊन आला, वाटाघाटीला बसला, सगळ्यांना माफीचा शब्द दिला आणि बेट परत मिळवलं. तो शब्द पाळला गेला. केजविन सुखरूप मायदेशी पोहोचला आणि पुढे राजाच्या आरमारात पुन्हा कप्तान झाला.

हे काम ग्रँथमला नवं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत, त्याने असंच एक बंड बोलणी करून मिटवलं होतं. तिथेही त्याने माफीचा शब्द दिला होता, आणि तोही लेखी. तिथल्या शंभर माणसांच्या बाबतीत मात्र त्याने तो मोडला. हे प्रकरण त्या शंभरांचं आहे.

जानेवारी १६७७

पामंकी आणि मॅटापोनी या दोन नद्या मिळून यॉर्क नदी होते. त्या संगमावर वेस्ट पॉइंट नावाची जागा आहे. नॅथॅनियल बेकन या तरुण जमीनदाराने गव्हर्नर सर विल्यम बर्कलीविरुद्ध उभारलेलं बंड आता शेवटच्या घटका मोजत होतं. बेकन ऑक्टोबरमध्येच रक्ती हगवणीने मेला होता आणि जोसेफ इन्ग्रॅम हा त्याच्या जागी आलेला नेता थकला होता. ग्रँथम त्या वेळी साधा व्यापारी कप्तान होता. ‘कॉन्कॉर्ड’ हे तोफा असलेलं जहाज घेऊन तो तंबाखू भरायला आला आणि बंडात अडकला. बंड मिटल्याशिवाय माल मिळणार नव्हता. गव्हर्नरच्या वतीने मध्यस्थी करून त्याने २ जानेवारीला इन्ग्रॅमकडून वेस्ट पॉइंट घेतलं.

तिथून काही मैलांवर कर्नल जॉन वेस्टच्या घरात बंडखोरांचं मुख्य ठाणं आणि दारूगोळा होता. ग्रँथम तिथे गेला तेव्हा समोर सुमारे चारशे हत्यारबंद माणसं होती, इंग्रज आणि आफ्रिकी मिसळलेली. तू आमचा घात केलास, असं ते म्हणाले. कोणी म्हणे याला गोळी घाला, कोणी म्हणे तुकडे करा. हे सगळं ग्रँथमनेच आपल्या अहवालात लिहून ठेवलं आहे, आणि पुढे काय केलं तेही त्याने लपवलेलं नाही. गुलाम आणि नोकर सगळ्यांना माफी आहे, तुमची गुलामी सुटली, असं त्याने सांगितलं. ब्रँडीची पिंपं फोडली. राजाच्या आणि गव्हर्नरच्या हुकमाने हे करतो आहे, अशा आपल्या सहीच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. बहुतेक लोक विश्वास ठेवून घरी गेले.

शंभर जण गेले नाहीत. ऐंशी काळे आणि वीस इंग्रज. त्यांनी हत्यारं खाली ठेवली नाहीत.

ग्रँथमने त्यांना दुसरा पर्याय दिला. नदीच्या खालच्या अंगाला तुमच्याच लोकांचं ठाणं आहे, तिथे गलबतातून पोहोचवतो. ते चढले. त्याने ते गलबत ओढत नेऊन आपल्या जहाजाच्या तोफांखाली उभं केलं. तोफांच्या तोंडासमोर, पाण्याच्या मध्यावर, पळायला जागा नसताना त्यांनी शस्त्रं दिली. देताना ते म्हणाले की तुझ्या मनात हे होतं हे आधी कळलं असतं तर तुला जिवंत सोडला नसता. मग ज्याला त्याला आपापल्या मालकाच्या हवाली करण्यात आलं.

मी हा भाग वाचताना नेहमी त्या वीस जणांपाशी थांबतो. ऐंशी जणांचं कारण उघड आहे. त्यांच्यापुढे जन्मभराची गुलामी होती आणि सहीच्या एका चिठ्ठीवर विसंबून त्या गुलामीत परत जाणं वेडेपणाचं होतं. पण वीस इंग्रज? तेही घरी जाऊ शकले असते. त्यांचं ‘घर’ म्हणजे काय होतं हे पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

कागदाचे दात

१६०७ साली व्हर्जिनिया कंपनीने जेम्सटाउन वसवलं तेव्हा आलेल्या शंभर-सव्वाशे माणसांत हाताने काम करणं कमीपणाचं मानणारे ‘जंटलमन’ बरेच होते. कॅप्टन जॉन स्मिथला ‘काम न करणाऱ्याला जेवण नाही’ असा दंडक घालावा लागला. १६०९-१०च्या हिवाळ्यात उपासमारीने वसाहत जवळजवळ संपली. मग जॉन रॉल्फने तंबाखूचं पीक बसवलं आणि सगळी गणितं बदलली. तंबाखू माणूस खातो. रोप लावा, भोवती माती ओढा, तण काढा, शेंडा खुडा, फुटवे काढा, पानापानावरची अळी हाताने वेचा, मग कापणी, कोठीत टांगणी, आणि शेवटी भल्यामोठ्या पिंपांत ठासून भरणी. निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. जमीन अफाट होती आणि हात कमी होते.

ते हात इंग्लंडातून आणले गेले. सतराव्या शतकात चेसापीकच्या, म्हणजे व्हर्जिनिया-मेरीलँडच्या, परिसरात आलेल्या इंग्रजांपैकी चारातले तीन जण करारबद्ध नोकर म्हणून आले. जहाजाचं भाडं सहा पौंडांच्या आसपास होतं आणि बेकार तरुणाकडे तेवढे पैसे कधीच नसत. भाडं हीच उचल, आणि ती फेडायला चार ते सात वर्षं राबायचं. कराराचा मजकूर एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधोमध करवतीच्या दातांसारखा नागमोडी कापत. एक तुकडा नोकराकडे, दुसरा मालकाकडे. वाद झाला तर दातात दात बसतात का ते बघायचं. ‘इंडेंचर’ हे नाव त्या दातांवरूनच पडलं. मालकाचा तुकडा विकता येत असे. जहाजाचा कप्तान धक्क्यावर उभा राहून तो तंबाखूच्या बदल्यात विकायचा, आणि कागदाबरोबर माणूस जायचा. कागदच नसेल तर कोर्ट नोकराच्या अंगापिंडाकडे बघून वय ठरवी आणि त्यावरून मुदत.

१६१८ पासून आणखी एक नियम होता. जो माणूस आणण्याचा खर्च करेल त्याला दर डोई पन्नास एकर जमीन. म्हणजे मजूर नुसता राबत नव्हता, तो येतानाच मालकाच्या नावावर जमीन चढवून येत होता.

मुदत वाढवण्याच्या वाटा कायद्यातच होत्या. पळून गेलात तर गैरहजेरीच्या दुप्पट काम. नोकर बाई गरोदर राहिली तर आणखी दोन वर्षं. १६६२च्या एका कायद्याने तर मालकापासूनच दिवस गेले असतील तर मुदत संपल्यावर चर्चच्या पंचांनी तिला दोन वर्षांसाठी विकावं, आणि आलेली तंबाखू परगण्याच्या कामी लावावी, असं ठरवलं. गुन्हा मालकाचा, वर्षं तिची आणि उत्पन्न चर्चचं. वर्गाची सत्ता कायद्यात कशी उतरते हे मला कुठल्याही सिद्धांतापेक्षा या एका कलमातून जास्त कळलं.

आफ्रिकी माणसांकडे दाताचा कागद नव्हता. ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला वीसहून थोडे अधिक आफ्रिकी उतरवले गेले. त्याच उन्हाळ्यात, तीनच आठवड्यांपूर्वी, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली निवडून आलेली सभा भरली होती. सुरुवातीची काही दशकं आफ्रिकी माणसाचा दर्जा कायद्यात धड ठरलेला नव्हता, आणि काही जण सुटलेही. अँथनी जॉन्सन १६२१ साली आला, मोकळा झाला, १६५०च्या दशकात त्याच्या नावावर अडीचशे एकर होते. पण दार हळूहळू बंद होत होतं. १६४० साली ह्यू ग्विन याचे तीन नोकर मेरीलँडकडे पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉट, तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. तिघांना तीस-तीस फटके सारखेच. डच आणि स्कॉट यांची मुदत मालकाकडे एक वर्ष आणि वसाहतीकडे तीन वर्षं वाढली. जॉन पंचने मात्र मरेपर्यंत सेवा करावी असा निकाल झाला. पळाले तिघं एकत्र, गुन्हा एकच होता, आणि कोर्टाने फरक केला तो फक्त कातडीवरून.

१६६१च्या सुमाराला आणखी एक बारकाईचा कायदा आला. जन्मभराच्या गुलामाची मुदत वाढवणार कुठून? म्हणून इंग्रज नोकर काळ्यांसोबत पळाला तर त्याने स्वतःची शिक्षा भोगून वर त्या काळ्याच्या गैरहजेरीचीही भरपाई करावी, असं ठरलं. गोरे आणि काळे एकत्र पळत नसते तर असा कायदा करायची गरजच पडली नसती. १६६२ साली मूल आईच्या दर्जाचं हे ठरलं. आई बटीक असेल तर पोर जन्मतःच गुलाम, बाप कोणीही असो. १६६७ साली ठरलं की बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटत नाही.

मुदत संपल्यावर

सुरुवातीच्या काळात व्हर्जिनियात माणसं माशांसारखी मरत. १६२५च्या मोजणीत, काही हजार माणसं येऊनही, जेमतेम बाराशे जिवंत होते. नोकराची मुदत संपेपर्यंत तो जगेलच असं नव्हतं, त्यामुळे मोकळ्या झालेल्यांचं काय करायचं हा प्रश्नही नव्हता. पुढे माणसं जगू लागली आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. जन्मभरासाठी माणूस विकत घेणं मालकाला परवडू लागलं. आणि मुदत संपलेले इंग्रज तरुण दरवर्षी बाहेर पडू लागले, थोडा मका आणि अंगावरचे कपडे घेऊन.

नदीकाठची चांगली जमीन तोवर मोठ्यांनी अडवली होती. उरली ती सरहद्दीकडची, मूळ रहिवाशांच्या गावांना लागून. नाहीतर कुळ म्हणून राहायचं. तंबाखूचा भाव पौंडभर वजनाला पेनीच्या आसपास, कधी त्याही खाली घसरला होता, आणि नौकानयनाच्या कायद्यांमुळे माल इंग्लंडलाच द्यावा लागे. पट्टी जमिनीवर नव्हती, डोक्यावर होती. हजारो एकर पडीक ठेवणाऱ्यावर त्या एकरांचा बोजा नव्हता, आणि गव्हर्नरच्या कौन्सिलचे सभासद पट्टीतून मोकळे होते. १६६२ पासून चौदा वर्षं बर्कलीने निवडणूकच घेतली नाही, तीच सभा चालू ठेवली. १६७० साली भूमिहीनांचा मताचा हक्क काढून घेतला. १६७१ साली लंडनच्या प्रश्नांना उत्तर देताना, इथे मोफत शाळा नाहीत आणि छापखाना नाही याबद्दल तो देवाचे आभार मानतो. त्याच उत्तरात लोकसंख्या आहे: सुमारे चाळीस हजार, त्यात दोन हजार काळे गुलाम आणि सहा हजार करारबद्ध नोकर.

आपण कशावर बसलो आहोत हे त्याला ठाऊक होतं. १६६३ साली ग्लॉस्टर परगण्यात नोकरांचा कट उघडकीला आला. बर्कनहेड नावाच्या नोकराने तो फोडला, त्याला स्वातंत्र्य आणि पाच हजार पौंड तंबाखू मिळाली आणि १३ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी देवाचे आभार मानायचा ठरला. बंडाच्या काळात बर्कलीने लिहिलं की ज्या प्रजेतले सातांपैकी सहा तरी गरीब, कर्जबाजारी, असंतुष्ट आणि हत्यारबंद आहेत, तिच्यावर राज्य करणारा माणूस किती दुर्दैवी.

आता ते वीस इंग्रज कळतात. मालकाकडे परत गेले तर गैरहजेरीची वर्षं दुप्पट, आणि ती संपल्यावर बाहेर काय आहे तेही त्यांनी पाहिलेलं होतं.

बेकनबद्दल दोन शब्द

नॅथॅनियल बेकनला गरिबांचा कैवारी म्हणायला मी तयार नाही. तो सधन घरातला, गव्हर्नरच्या बायकोचा नातेवाईक, स्वतः कौन्सिलचा सभासद. सरहद्दीवर सस्क्वेहॅनॉक या मूळ रहिवाशांशी चकमकी पेटल्यावर त्याने परवाना नसताना फौज उभारली आणि मे १६७६ मध्ये ज्यांनी इंग्रजांना मदत केली होती त्या ओकॅनीची लोकांचीच कत्तल केली. जमिनीच्या भुकेला त्याने शत्रू दाखवला, आणि तो शत्रू निवडताना मित्र-शत्रू असा फरक केला नाही.

जूनमधल्या सभेत पामंकी या मूळ रहिवासी जमातीची राणी कॉकाकोएस्की आली होती. इंग्रजांना लढायला माणसं हवी होती. तिने आधी आठवण करून दिली की वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा टोटोपोटोमॉय तुमच्या बाजूने लढताना आपल्या शंभर माणसांसह मेला आणि त्याचं तुम्ही काहीच दिलं नाही. अखेर तिने बारा माणसं कबूल केली. त्याच सभेने सर्व मोकळ्या पुरुषांना मत परत दिलं आणि कौन्सिलवाल्यांची पट्टीतली सूट काढली. गरीब गोऱ्याला हक्क आणि मूळ रहिवाशांवर युद्ध, दोन्ही एकाच बैठकीत. बंड समजून घेताना यातली एक बाजू गाळायचा मोह होतो, आणि तो मला धोकादायक वाटतो.

पुढे दोन्ही पक्षांना माणसं कमी पडू लागली. तेव्हा दोघांनीही समोरच्याच्या नोकरांना स्वातंत्र्याचं आमिष दाखवलं, आणि बेकनने गव्हर्नरच्या पक्षातल्यांचे गुलामही बोलावले. १९ सप्टेंबर १६७६ रोजी बेकनच्या लोकांनी जेम्सटाउन जाळलं. तिथून पुढे बंड हळूहळू जमीनदारांच्या हातातून सुटून नोकरांच्या आणि गुलामांच्या हाती आलं. ज्यांना तडजोडीत काही मिळण्यासारखं होतं ते सरकत गेले, आणि वेस्टच्या घरात उरले ते ग्रँथमला भेटलेले चारशे.

पास आणि बंदूक

बर्कलीने तेवीस जणांना फाशी दिली. लंडनहून हजारावर शिपाई आणि तीन आयुक्त आले, बर्कलीला परत बोलावलं गेलं आणि १६७७ सालीच तो इंग्लंडमध्ये मेला. जून १६७६चे कायदे रद्द झाले, मत पुन्हा जमीनवाल्यांपुरतं उरलं. ग्रँथमला पुढे राजाने ‘सर’ केलं.

१६८० साली व्हर्जिनियाच्या सभेने काळ्यांची बंडं रोखण्यासाठी कायदा केला. मेजवानी आणि अंत्यविधीच्या निमित्ताने गुलाम मोठ्या संख्येने जमतात, हे धोक्याचं आहे, अशी त्याची सुरुवात आहे. माणसं मयताला जमली तरी सरकारला धडकी भरत होती. गुलामाने काठी, बंदूक, तलवार, कुठलंही हत्यार बाळगायचं नाही. मालकाच्या लेखी पासाशिवाय मळा सोडायचा नाही, सोडला तर उघड्या पाठीवर वीस फटके. कुठल्याही ख्रिश्चनावर हात उगारला तर तीस. हा कायदा दर सहा महिन्यांनी कोर्टात आणि चर्चमध्ये वाचून दाखवायचा होता. १६९१ साली व्हर्जिनियाच्या कायद्यात माणसांसाठी ‘गोरा’ हा शब्द आला: काळ्याशी किंवा मूळ रहिवाशाशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला वसाहतीतून हद्दपारी. अँथनी जॉन्सन तोवर मेला होता. ‘तो काळा, म्हणून परका’ असं सांगून त्याची व्हर्जिनियातली जमीन १६७० सालीच पंचांनी सरकारजमा ठरवली होती.

या सगळ्याचं मूळ बंडाच्या भीतीतच आहे, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पूर्ण पटत नाही. १६४०चा निकाल आणि १६६२चा कायदा बंडाच्या आधीचे आहेत. इंग्लंडात मजुरी सुधारत होती, नव्या वसाहती माणसं ओढून घेत होत्या, करारावर येणारे कमी होऊ लागले होते, आणि १६७२ पासून रॉयल आफ्रिकन कंपनी गुलामांचा व्यापार करत होती. बंड झालं नसतं तरी व्हर्जिनियाचे मळे गुलामांच्याच जिवावर चालले असते. पण गोऱ्या गरिबाला काय द्यायचं आणि काळ्याकडून काय काढून घ्यायचं, याचा जो तपशील पुढच्या पंचवीस वर्षांत ठरला, त्यात मला यॉर्क नदीवरचं ते गलबत दिसतं. गोऱ्याला जमीन दिली नाही, मत दिलं नाही. पण काळ्यापेक्षा वरची पायरी कायद्याने त्याच्या नावावर केली.

१७०५ साली हे सगळे कायदे एकत्र करून नोकर आणि गुलामांविषयीची संहिता झाली. ख्रिश्चन गोऱ्या नोकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडा करून फटके मारायचे नाहीत, असं तिच्यात आहे. मुदत संपल्यावर गोऱ्या नोकराला मालकाने काय द्यायचं याची यादीही आहे: दहा बुशेल मका, तीस शिलिंग रोख किंवा तेवढ्या किमतीचा माल, आणि किमान वीस शिलिंग किमतीची चालू स्थितीतली एक बंदूक. त्याच कायद्यात गुलामांच्या जनावरांचं कलम आहे. तोवर कित्येक मळ्यांवर गुलाम आपली चार डुकरं, एखादी गाय, क्वचित घोडा पाळून होते, त्यांच्यावर आपली खूण करत होते. ही सगळी जनावरं चर्चच्या पंचांनी जप्त करून विकावीत आणि आलेले पैसे परगण्यातल्या गरिबांना वाटावेत, असं त्यात लिहिलं आहे.